थांबायचे कधी? : सी भाषेतील लूपची प्रस्तावना

एकदाच लिहिलेली आणि दिलेली अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारी विधाने म्हणजे सी भाषेतील लूप. व्याख्या एका ओळीत संपते, पण नवशिक्यांपैकी अनेक जण पहिल्यांदा अडखळतात ते इथेच. त्याआधीचे प्रोग्रॅम वरून खाली सरळ वाचता येतात. दोन संख्या घ्या, बेरीज करा, उत्तर छापा. जितक्या ओळी, तितकी कामे. लूप आला की हे गणित मोडते. तीन ओळी तीस वेळा चालतात, शब्द तेच राहतात आणि प्रत्येक वेळी त्यांतले आकडे मात्र बदललेले असतात. कागदावर स्वस्थ पडलेला मजकूर प्रत्यक्षात कसा फिरतो, हे मनात चालवून पाहण्याची सवय लागणे म्हणजेच लूप समजणे.

ज्याने लहानपणी पाढे पाठ केले आहेत, त्याला ही कल्पना परकी नाही. सातचा पाढा म्हणताना वाक्याचा साचा एकच असतो, गुणक एकेकाने वाढत जातो आणि तो दहावर पोचला की पाढा संपतो. न बदलणारा साचा, दर फेरीला बदलणारी संख्या आणि थांबण्याची खूण या तीन गोष्टी प्रत्येक लूपमध्ये असतात. सुरुवात एकपासून करायची, हे पाढा म्हणणाऱ्याला कोणी सांगत नाही. यंत्राला तेही सांगावे लागते. फॉर, व्हाईल आणि डू-व्हाईल या तिन्ही लूपचे व्याकरण तास-दोन तासांत कळते. कधी थांबायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र दर प्रोग्रॅममध्ये नव्याने सोडवावा लागतो. लूपमधल्या बहुतेक चुकांचा माग काढला, तर तो याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

पूर्वपीठिका

यंत्राकडून तीच कृती पुन्हा करून घेण्याची कल्पना इलेक्ट्रॉनिक संगणकापेक्षा जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित ॲनालिटिकल इंजिनावरील मेनाब्रेआ यांच्या लेखाचे एडा लव्हलेस यांनी केलेले भाषांतर 1843 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. बर्नुली संख्या काढण्याची रीत त्यांनी तिथे टप्प्याटप्प्याने मांडली आणि क्रियांचा एक गट पुन्हा पुन्हा करण्याला चक्र म्हटले. ते इंजिन पूर्णपणे कधीच बांधले गेले नाही, पण फेऱ्यांची कल्पना कागदावर उतरली होती.

पुढे प्रत्यक्ष संगणक आले, तेव्हा प्रोसेसरला लूप असा काही कळत नव्हता. त्याला दोन संख्यांची तुलना करता येई आणि तिच्या निकालानुसार आधीच्या किंवा पुढच्या सूचनेवर उडी मारता येई. आजही सी भाषेतला कोणताही लूप कंपायलरमधून बाहेर पडताना तुलना आणि उडी यांतच मोडला जातो. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये तयार झालेल्या आणि 1957 मध्ये बाहेर आलेल्या फोर्ट्रानने या उड्यांवर डू नावाचे सोयीचे विधान चढवले. तरीही गोटू लिहून हवी तिथे उडी मारण्याची सवय बराच काळ टिकली. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांतून कोणतीही गणनप्रक्रिया मांडता येते, हे बोम आणि याकोपिनी यांनी 1966 मध्ये दाखवले. 1968 मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी गोटूच्या अनिर्बंध वापराविरुद्ध लिहिलेले छोटे पत्र गाजले. त्यांचा आक्षेप वाचनीयतेच्या मुद्द्यावर होता. उड्यांनी भरलेल्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या क्षणी नेमके कुठवर आलो आहोत, हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. लूपला ठरलेले तोंड आणि ठरलेली शेपूट असते, म्हणून तिथे ते सांगता येते.

डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली, ती या वातावरणात. बीसीपीएल आणि केन टॉम्पसन यांची बी या तिच्या पूर्वज भाषा. एकाने वाढवणारे ++ हे चिन्ह टॉम्पसन यांचे. ते बीमधून सीमध्ये आले. युनिक्सचा गाभा 1973 मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. ब्रायन कर्निहॅन आणि रिची यांचे 1978 चे पुस्तक या भाषेचा पहिला सर्वमान्य ग्रंथ ठरले. त्या पुस्तकात अभिवादन छापणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमनंतर लगेच लूप येतो. 0 ते 300 अंश फॅरनहाइट तापमाने 20 च्या अंतराने घेऊन त्यांचे सेल्सिअस अंश छापणारा तो तक्ता आधी व्हाईलने आणि मग फॉरने लिहिला आहे. लूप वगळून सी भाषेत काही सांगण्यासारखे लिहिताच येत नाही, अशीच ती मांडणी आहे.

चार भाग, तीन रूपे

पुढील विवेचनात कोडचे तुकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिताना भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.

प्रत्येक लूपचे चार भाग असतात: आरंभ, अट, काम आणि बदल. आरंभ एकदाच होतो. त्यानंतर अट तपासली जाते. ती खरी निघाली तर काम होते, मग बदल होतो आणि पुन्हा अट तपासली जाते. खोटी निघाली की लूपखालची ओळ चालू होते. व्हाईलमध्ये हे भाग विखुरलेले असतात: आरंभ लूपच्या वर, अट कंसात, बदल कामाच्या पोटात. फॉरमध्ये आरंभ, अट आणि बदल एकाच ओळीत, अर्धविरामांनी वेगळे केलेले असतात, जसे की फॉर (आय = 0; आय < 4; आय++). या ओळीकडे पाहताच किती फेऱ्या होणार ते कळते. 1999 च्या प्रमाणकापासून मोजणारे व्हेरिएबल याच ओळीत घोषित करता येते, आणि मग लूप संपताच त्याचे अस्तित्वही संपते.

फॉरची ही ओळ वाचताना दोन गोष्टी निसटतात. बदल ओळीत शेवटी लिहिलेला असतो आणि काम त्या ओळीच्या खाली, त्यामुळे नवशिका कामाआधीच आय वाढवून बसतो. प्रत्यक्षात पहिल्या फेरीचे काम आय शून्य असतानाच होते. दुसरी गोष्ट अशी की काम चार वेळा झाले तरी अट पाच वेळा तपासली जाते. पाचवी तपासणी खोटी निघते म्हणून तर लूप थांबतो. आय लूपच्या आधी घोषित केलेला असेल, तर लूप संपल्यावर त्याची किंमत 4 असते, 3 नसते. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण लूपनंतर आय वापरणारे प्रोग्रॅम इथेच चुकतात.

डू-व्हाईलमध्ये आधी काम होते आणि मग अट तपासली जाते. त्यामुळे एक फेरी तरी होतेच. व्हाईलमध्ये अट पहिल्याच तपासणीत खोटी निघाली, तर एकही फेरी होत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही लूप एकमेकांत बदलता येतात. मग कोणता निवडावा? फेऱ्यांची संख्या लूप सुरू होण्याआधीच माहीत असेल तर फॉर. थांबण्याची वेळ फेरीत निघणाऱ्या उत्तरावर अवलंबून असेल तर व्हाईल. काम एकदा केल्याशिवाय तपासण्यासारखे काही हातातच येत नसेल तर डू-व्हाईल. हे नियम सी भाषा लादत नाही. ते म्हणजे केवळ वाचणाऱ्याला दिलेली सूचना असते, पण चांगल्या प्रोग्रॅममध्ये ती पाळलेली दिसते.

काप्रेकरांची प्रक्रिया

ही तिन्ही रूपे एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये पाहायची असतील, तर दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर यांच्या शोधाइतके चपखल उदाहरण क्वचित सापडेल. काप्रेकर यांचा जन्म 1905 मध्ये डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून काढली. संख्यांशी खेळता खेळता 1949 मध्ये त्यांनी 6174 या संख्येचा गुणधर्म मांडला; आज ती काप्रेकर स्थिरांक म्हणून जगभर ओळखली जाते.

रीत अशी. चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी आणि चढत्या क्रमाने मांडून दुसरी. पहिलीतून दुसरी वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा हेच करावे. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 ही संख्या येते. त्यानंतर कितीही फेऱ्या केल्या तरी तीच राहते, कारण 7641 वजा 1467 म्हणजे 6174.

या रीतीचा प्रोग्रॅम लिहिताना तीन निरनिराळ्या जागी फेऱ्या लागतात. पहिली जागा वापरणाऱ्याकडून संख्या घेण्याची. ती 0 ते 9999 मधली असावी (अंक चारांहून कमी असतील तर आधी शून्ये धरून) आणि तिचे अंक सारखे नसावेत. नसेल तशी, तर पुन्हा विचारावे. एकदा विचारल्याशिवाय तपासायला काही नसते, म्हणून इथे डू-व्हाईल. सारख्या अंकांच्या संख्या ओळखण्याची युक्ती सोपी आहे. 1111, 2222, 3333 या सगळ्या 1111 च्या पटीतल्या असतात आणि या मर्यादेत 1111 च्या पटीत दुसरी कोणतीही संख्या नसते. म्हणून संख्या % 1111 ही बाकी शून्य आली की संख्या नाकारावी. शून्यही त्यात आपोआप येते.

दुसरी जागा 6174 येईपर्यंत वजाबाकी करत राहण्याची. किती फेऱ्या लागतील ते आधी ठाऊक नाही, म्हणून व्हाईल (संख्या != 6174). तिसरी जागा प्रत्येक वजाबाकीच्या आत, संख्येचे अंक सुटे करण्याची. 10 ने भागून उरणारी बाकी हा शेवटचा अंक, आणि पूर्णांक भागाकार म्हणजे तो अंक काढून टाकलेली संख्या. हे चार वेळा करायचे, म्हणून फॉर.

या तिसऱ्या जागी एक मोह होतो. संख्या शून्य होईपर्यंत अंक काढत राहावे, म्हणजे व्हाईल (संख्या > 0), असेच पुष्कळ पुस्तकांत शिकवलेले असते आणि अंकांची बेरीज किंवा उलटी संख्या काढायला ते बरोबरही असते. 3524 देऊन पाहिल्यास प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. मग कधी तरी कोणी 2111 देते. 2111 वजा 1112 म्हणजे 999. व्हाईलला त्यात तीनच अंक सापडतात. त्या तीन अंकांची उतरती आणि चढती मांडणी एकच, वजाबाकी शून्य. शून्यावर पुढची फेरीही शून्यच देते, 6174 कधी येत नाही आणि प्रोग्रॅम लटकतो. काप्रेकरांच्या रीतीत ती संख्या 0999 आहे आणि पुढची पायरी 9990 वजा 0999, म्हणजे 8991. चार हा आकडा रीतीने ठरवलेला आहे. तो संख्येच्या लांबीवर सोडला की लूप वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो. फॉर की व्हाईल ही निवड नुसत्या शैलीची नाही, ते इथे कळते.

ड्राय रन

लूप समजण्याचे सर्वांत भरवशाचे साधन कागद आणि पेन्सिल हेच आहे. संगणकाच्या प्रयोगशाळेत याला ड्राय रन म्हणतात. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक स्तंभ आखायचा, अटीसाठी एक, आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. 3524 साठी तक्ता असा होतो. पहिली फेरी: 5432 वजा 2345, उत्तर 3087, अट अजून खरी. दुसरी फेरी: 8730 वजा 378, उत्तर 8352, अट खरी. तिसरी फेरी: 8532 वजा 2358, उत्तर 6174, अट खोटी. तीन फेऱ्या, चार तपासण्या. 2111 ला हाच तक्ता पाच ओळींचा होतो: 999, 8991, 8082, 8532 आणि 6174.

तक्ता भरताना एक पथ्य पाळावे लागते. प्रोग्रॅमने काय करायला हवे ते न लिहिता, लिहिलेली ओळ काय करते तेच लिहायचे. मनात ठरवलेले उत्तर आणि कागदावरचा कोड यांत फरक असतो तिथेच चूक दडलेली असते, आणि अपेक्षेने भरलेला तक्ता ती झाकून टाकतो. पहिली फेरी, दुसरी फेरी आणि शेवटची फेरी एवढ्या तीन ओळी नीट भरल्या तरी बहुतेक चुका उघड्या पडतात. हजार फेऱ्यांच्या लूपला हजार ओळी लागत नाहीत. हेच काम यंत्राकडून करून घ्यायचे असेल, तर लूपच्या पोटात प्रिंटएफचे एक विधान घालून दर फेरीची किंमत छापता येते, किंवा डीबगरमध्ये प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे सरकवता येतो.

नेहमीच्या चुका

लूपमधली सर्वांत जुनी चूक एका फेरीची असते. शंभर मीटर कुंपणाला दर दहा मीटरवर खांब पुरायचा, तर खांब दहा लागत नाहीत, अकरा लागतात. कर्निहॅन आणि रिची यांच्या तापमानाच्या तक्त्यातही 300 भागिले 20 म्हणजे 15 असले तरी ओळी सोळा छापल्या जातात, कारण शून्यही मोजले जाते. अंतरे मोजायची की टोके, हे ठरवल्याशिवाय < लिहायचे की <= ते ठरत नाही.

सी भाषेत ॲरेची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे हा प्रश्न आणखी बोचतो. चार अंकांच्या ॲरेत जागा क्रमांक 0, 1, 2 आणि 3 असतात. आय = 0 पासून आय < 4 पर्यंत ही रीत म्हणूनच रुळली: सुरुवात धरायची, शेवट सोडायचा, आणि दोहोंतला फरक म्हणजे फेऱ्यांची संख्या. मोजणी शून्यापासून का करावी, याचे विवेचन डायक्स्ट्रा यांनी 1982 च्या एका टिपणात याच पद्धतीच्या आधाराने केले आहे. आय <= 4 लिहिले, तर प्रोग्रॅम ॲरेच्या बाहेरची जागा वापरतो. सी भाषा त्याला अडवत नाही. प्रोग्रॅम बंद पडेल, चुकीचे उत्तर देईल किंवा त्या दिवशी बरोबर चालून दुसऱ्या यंत्रावर बिघडेल. काय होईल ते भाषेने ठरवलेलेच नाही. ती बाहेरची जागा योगायोगाने मोजणाऱ्या व्हेरिएबलचीच निघाली, तर लूप थांबतही नाही.

दुसरा गट टाइप करतानाच्या चुकांचा. व्हाईलच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला, तर तो अर्धविराम हेच लूपचे पूर्ण काम ठरते. अट खरी असेल तर प्रोग्रॅम तिथेच गोल फिरत राहतो. फॉरनंतर तो पडला, तर लूप रिकामा फिरून येतो आणि खालचे काम एकदाच होते. महिरपी कंस विसरले, तर लूपमध्ये पहिले एकच विधान धरले जाते; बाकीची विधाने कितीही आत सरकवून लिहिली तरी सी भाषा समासाकडे पाहत नाही. तुलनेच्या == ऐवजी = लिहिले, तर तुलना न होता किंमत भरली जाते आणि ती शून्य नसेल तर अट कायम खरी राहते. जीसीसीसारख्या कंपायलरला सर्व महत्त्वाच्या सूचना द्यायला सांगितले, तर यांतल्या बऱ्याच चुका तो दाखवतो. त्या सूचना वाचायची सवय सुरुवातीलाच लागलेली बरी.

तिसरा गट आरंभाचा आणि बदलाचा. फेऱ्या मोजणाऱ्या किंवा बेरीज साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये आधी शून्य भरले नाही, तर फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये आधीचा कोणताही कचरा असू शकतो. तेच शून्य चुकून लूपच्या आत भरले, तर दर फेरीला बेरीज पुसली जाते. कंटिन्यू या विधानाने चालू फेरी अर्धवट सोडता येते. फॉरमध्ये त्यानंतर बदल होतोच, पण व्हाईलमध्ये बदलाची ओळ कंटिन्यूच्या खाली असेल तर तीही वगळली जाते आणि लूप जागच्या जागी अडकतो. ब्रेक लूपमधून बाहेर काढतो, पण एकाच. आतल्या लूपमधला ब्रेक बाहेरच्या लूपला हात लावत नाही.

चौथा गट संख्यांच्या स्वभावाचा. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टर्बो सीमध्ये इंट 16 बिटांचा असतो आणि 32,767 पर्यंतच जातो. लूपने क्रमगुणित काढू लागले, तर 7 चे 5,040 बरोबर येते, पण 8 चे 40,320 त्यात मावत नाही. आजच्या नेहमीच्या 32 बिटांच्या इंटमध्ये 12 पर्यंतची क्रमगुणिते मावतात, 13 चे नाही. लूप बरोबर, अट बरोबर आणि उत्तर मात्र भलतेच, असे त्यामुळे घडते. चिन्हरहित पूर्णांक उतरत्या क्रमाने नेत तो शून्यापेक्षा कमी नसेपर्यंत, अशी अट घातली तर ती कधीच खोटी होत नाही. शून्यानंतर तो सर्वांत मोठ्या किमतीवर जातो. 0.1 ही संख्या डबलमध्ये दहा वेळा मिळवली तर बेरीज नेमकी 1 होत नाही, कारण 0.1 द्विमान पद्धतीत नेमकेपणाने लिहिताच येत नाही. म्हणून फेऱ्या पूर्णांकांनी मोजाव्यात आणि अपूर्णांक त्यांतून काढावा.

शेवटची चूक वापरणाऱ्याच्या हातून उघडकीस येते. काप्रेकरांच्या प्रोग्रॅममध्ये संख्येऐवजी कोणी अक्षर टाइप केले, तर संख्या वाचणारे स्कॅनएफ ते उचलत नाही. अक्षर रांगेत तसेच उभे राहते. डू-व्हाईल पुन्हा विचारतो, स्कॅनएफला पुन्हा तेच अक्षर दिसते आणि पडदा त्याच प्रश्नाने भरत जातो. स्कॅनएफने परत दिलेला आकडा तपासणे आणि नको असलेली ओळ वाचून टाकणे हा त्यावरचा उपाय. किती गोष्टी वाचल्या गेल्या हे तो आकडा सांगतो. बाहेरून येणाऱ्या माहितीवर थांबणाऱ्या प्रत्येक लूपला, माहिती चुकीची आली किंवा संपली तर काय, याचे उत्तर द्यावे लागते.

लूपच्या पोटात लूप

बे ते तीसपर्यंतचे पाढे छापायचे, तर बाहेरचा लूप 2 ते 30 फिरतो आणि आतला प्रत्येक वेळी 1 ते 10. बाहेरच्या 29 फेऱ्यांत आतले काम 290 वेळा होते. घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा आठवला की क्रम लक्षात येतो: आतला लूप पूर्ण फिरून आल्यावर बाहेरचा एक घर पुढे सरकतो. ताऱ्यांचे त्रिकोण आणि पिरॅमिड छापण्याचे जे प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास विचारले जातात, त्यांची मेख एवढीच असते की आतल्या लूपची अट बाहेरच्या लूपच्या संख्येवर अवलंबून असते.

काप्रेकरांच्या प्रक्रियेत अंक क्रमाने लावताना हीच रचना येते. शेजारचे दोन अंक ताडून चुकीच्या क्रमात असतील तर अदलाबदल करायची. चार अंकांना अशा तीन फेऱ्या लागतात आणि त्यांत अनुक्रमे 3, 2 आणि 1 अशा 6 तुलना होतात. दहा अंकांना 45 तुलना, हजार संख्यांना 4,99,500. संख्या शंभरपट वाढल्या की तुलना दहा हजारपटीच्या आसपास जातात. लूपची किंमत किती, हा विषय पुढे अल्गोरिदमच्या अभ्यासात सविस्तर येतो; त्याचे बीज इथे आहे.

फेरीगणिक खरे राहणारे विधान

लूप बरोबर आहे असे म्हणायचे, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो थांबतो, आणि थांबतो तेव्हा हवे ते हातात असते. दुसऱ्या गोष्टीसाठी रॉबर्ट फ्लॉइड यांनी 1967 मध्ये आणि टोनी होअर यांनी 1969 मध्ये जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी इन्व्हेरियंट आहे, म्हणजे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी खरे असणारे विधान. ॲरेची बेरीज करणाऱ्या लूपमध्ये ते असे असते: बेरीज या व्हेरिएबलमध्ये पहिल्या आय संख्यांची बेरीज आहे. आय शून्य असताना ते खरे आहे, कारण एकही संख्या मिळवलेली नाही. एका फेरीत पुढची संख्या मिळवली जाते आणि आय एकाने वाढतो, म्हणजे विधान खरेच राहते. लूप संपताना आय ॲरेच्या लांबीएवढा असतो. म्हणजे बेरीज पूर्ण झाली. हा युक्तिवाद लिहून काढण्याइतका मोठा नसतो, पण तो मनात मांडता आला नाही तर लूप अंदाजाने लिहिला गेला असे समजावे.

काप्रेकरांच्या प्रक्रियेतही असे एक विधान आहे. तेच अंक वेगळ्या क्रमाने मांडून केलेल्या दोन संख्यांची वजाबाकी नेहमी 9 ने विभाज्य असते. म्हणून पहिल्या फेरीनंतर येणारी प्रत्येक संख्या 9 ने भागली जाते. 3087 च्या अंकांची बेरीज 18, 8352 ची 18, 999 ची 27, 6174 चीही 18. मधल्या फेरीत 9 ने न भागली जाणारी संख्या दिसली, तर वजाबाकी किंवा अंक सुटे करण्याचा कोड चुकला आहे हे उत्तराची वाट न पाहता सांगता येते. उलट 9 ने भाग गेला म्हणून सर्व ठीक आहे असे मात्र होत नाही. मघाच्या चुकीच्या प्रोग्रॅममधले शून्यही 9 ने भागले जातेच.

थांबण्याची हमी ही वेगळी गोष्ट. मोजणाऱ्या लूपमध्ये ती डोळ्यांसमोर असते: दर फेरीला आय वाढतो आणि मर्यादा जागची हलत नाही. दोन संख्यांचा मसावि काढण्याच्या युक्लिडच्या रीतीत दर फेरीची बाकी आधीच्या बाकीपेक्षा लहान असते आणि शून्याखाली जाऊ शकत नाही. 84 आणि 36 घेतले तर बाक्या 12 आणि 0 अशा येतात आणि मसावि 12 मिळतो. काप्रेकरांच्या लूपमध्ये असे काही सतत घटत जात नाही. 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174 अशी संख्या खाली-वर होते. तिथे हमी मिळते ती सगळ्या शक्यता तपासून. 0 ते 9999 या दहा हजार संख्यांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की 9,990 उरतात. व्हाईलभोवती आणखी एक फॉर गुंडाळून त्या सगळ्या तपासता येतात आणि प्रत्येकीला लागलेल्या फेऱ्यांतील सर्वांत मोठी संख्या नोंदवता येते. उत्तर 7 येते. साध्या संगणकावर हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, आणि सिद्धता हातात पडते ती तिन्ही लूप बरोबर लिहिणाऱ्याच्या.

प्रत्येक लूपबाबत अशी सोय नसते. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, 1 येईपर्यंत हेच करत राहा, असा चार ओळींचा व्हाईल पहिल्या सत्राचा विद्यार्थीही लिहू शकतो. 27 पासून निघाले तर 9,232 पर्यंत चढून 111 पायऱ्यांनंतर 1 येतो. लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा लूप प्रत्येक धन पूर्णांकासाठी थांबतो का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. इथे संख्या दहा हजारांवर संपत नाहीत, त्यामुळे सगळ्या तपासून पाहण्याचा मार्ग बंद आहे. कोणताही प्रोग्रॅम आणि त्याची माहिती घेऊन तो थांबेल की नाही हे दर वेळी बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या 1936 च्या निबंधातील युक्तिवादातून निघते. कंपायलर अर्धविराम विसरल्याचे सांगतो, पण लूप थांबेल का याची हमी देत नाही, त्याचे मूळ इथे आहे. ती जबाबदारी लूप लिहिणाऱ्यावर राहते. दर फेरीला काय बदलते, काय खरे राहते आणि अट कशामुळे खोटी होणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लूप चालवण्याआधी देता आली, की ती पार पडली असे म्हणता येते.